अवशिष्ट व्याज (क्रेडिट कार्ड)

अवशिष्ट व्याज म्हणजे क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्राचा दिनांक आणि त्या विवरणपत्रातील रक्कम प्रत्यक्ष भरली जाण्याचा दिनांक यांच्या दरम्यान थकीत रकमेवर साचत राहणारे व्याज होय. हे व्याज हातातील विवरणपत्रात छापलेले नसते. ते पुढील महिन्याच्या विवरणपत्रात प्रथम दिसते. त्यामुळे मागील संपूर्ण रक्कम मुदतीत भरलेल्या कार्डधारकालाही काही रुपयांचा अनपेक्षित आकार लागलेला आढळतो. इंग्रजी व्यवहारात यास रेसिड्युअल इंटरेस्ट किंवा ट्रेलिंग इंटरेस्ट म्हणतात. भारतीय बँकांच्या विवरणपत्रांत ते बहुधा ‘फायनान्स चार्जेस’ किंवा ‘इंटरेस्ट चार्जेस’ या नोंदीखाली येते आणि त्याखालील ओळीत त्यावरील वस्तू व सेवा कराची (जीएसटी) स्वतंत्र नोंद असते.

अवशिष्ट व्याजाची रक्कम सामान्यतः लहान असते. मात्र ती किरकोळ समजून न भरल्यास व्याजमुक्त मुदत नाहीशी होणे, विलंब शुल्क लागणे आणि पतइतिहासात थकबाकीची नोंद होणे असे परिणाम संभवतात.

## पार्श्वभूमी

प्रारंभीची कार्डे ही उधारीची कार्डे नव्हती. १९५० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावरील संपूर्ण रक्कम दर महिन्याला भरावी लागे. त्यामुळे बाकी पुढे ओढण्याचा प्रश्नच नव्हता. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँकअमेरिकार्ड सुरू केले. याच कार्डाचे पुढे व्हिसा असे नामांतर झाले. या कार्डाने रकमेचा काही भाग भरून उर्वरित बाकी व्याजासह पुढील महिन्यात नेण्याची सोय रूढ केली. या फिरत्या कर्जपद्धतीत बाकी रोज बदलू शकते, म्हणून व्याजाची आकारणीही दैनंदिन बाकीवर होऊ लागली. अवशिष्ट व्याजाचा उगम या दैनंदिन आकारणीत आहे.

भारतात मुंबईस्थित सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड सुरू केले. भारतीय बँकेने दिलेले हे पहिले क्रेडिट कार्ड मानले जाते.

## व्याजमुक्त मुदत

खरेदीच्या दिवसापासून विवरणपत्रातील देय दिनांकापर्यंतचा काळ म्हणजे व्याजमुक्त मुदत. समजा, एखाद्या कार्डाचे देयकचक्र दरमहा ११ तारखेपासून पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत चालते आणि देय दिनांक ३० आहे. या कार्डावर ११ मार्चला केलेल्या खरेदीस ३० एप्रिलपर्यंत ५० दिवस मिळतात, तर १० एप्रिलला केलेल्या खरेदीस केवळ २० दिवस मिळतात.

ही मुदत बिनशर्त नसते. मागील विवरणपत्रातील संपूर्ण रक्कम देय दिनांकापर्यंत भरलेली असेल तरच ती लागू होते. थोडीही रक्कम राहिल्यास सामान्यतः दोन गोष्टी घडतात. एक, जुन्या खरेदीवर देय दिनांकापासून नव्हे, तर खरेदी झाल्याच्या दिवसापासून व्याज लागते. दोन, जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावरून एटीएममधून काढलेल्या रोख रकमेस व्याजमुक्त मुदत मुळातच नसते. तिच्यावर रक्कम काढल्याच्या दिवसापासून व्याज आणि त्याखेरीज वेगळे शुल्क लागते.

विवरणपत्रातील ‘किमान देय रक्कम’ ही संज्ञा या संदर्भात अनेकदा गैरसमजास कारण ठरते. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

## आकारणीची पद्धत

भारतातील बहुतेक क्रेडिट कार्डांवरील व्याजदर मासिक स्वरूपात सांगितला जातो. दरमहा ३.५ टक्के हा दर लहान भासला तरी त्याचा वार्षिक दर ४२ टक्के होतो. एका दिवसाचे व्याज काढताना त्या दिवसाच्या बाकीस वार्षिक दराने गुणून ३६५ ने भागले जाते. क्रेडिट कार्डावरील व्याज वस्तू व सेवा करातून मुक्त नसल्याने त्यावर १८ टक्के कर वेगळा लागतो. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज यांच्या व्याजावर हा कर नसतो.

### उदाहरण

वरील देयकचक्राच्या कार्डावर १ एप्रिलला २०,००० रुपयांची एकच खरेदी झाली. १० एप्रिलच्या विवरणपत्रात २०,००० रुपये देय दाखवले गेले. कार्डधारकाने ३० एप्रिलला नजरचुकीने १९,५०० रुपये भरले, म्हणजे ५०० रुपये कमी. वार्षिक दर ४२ टक्के धरल्यास आणि व्याजावरील व्याज न धरल्यास पुढील हिशेब असा होतो :

| कालावधी | बाकी (रुपये) | दिवस | व्याज (रुपये) |
|---|---|---|---|
| १ ते २९ एप्रिल | २०,००० | २९ | ६६७.४० |
| ३० एप्रिल ते १० मे | ५०० | ११ | ६.३३ |
| एकूण | | | ६७३.७३ |
| त्यावर १८ टक्के कर | | | १२१.२७ |

१० मेच्या विवरणपत्रात राहिलेले ५०० रुपये, व्याज व कर मिळून १,२९५ रुपये देय होतात. पाचशे रुपयांच्या चुकीचा खर्च ७९५ रुपये असतो, कारण व्याज राहिलेल्या पाचशे रुपयांपुरते मर्यादित न राहता मूळ वीस हजारांवर २९ दिवसांसाठी लागते.

कार्डधारक ३० मे रोजी हे १,२९५ रुपये पूर्ण भरतो. विवरणपत्रात छापलेली प्रत्येक पै चुकती झालेली असते. तथापि ११ ते २९ मे या १९ दिवसांत ५०० रुपयांची बाकी उभीच होती. तिचे १०.९३ रुपये व्याज आणि १.९७ रुपये कर असे १२.९० रुपये १० जूनच्या विवरणपत्रात येतात. हेच अवशिष्ट व्याज. १० मे रोजी विवरणपत्र तयार होताना ग्राहक पैसे कोणत्या दिवशी भरणार हे ठाऊक नसते, म्हणून ही रक्कम त्यात आधी दाखवता येत नाही.

दरम्यान १५ मे रोजी ६,००० रुपयांची नवी खरेदी झाली असल्यास, अनेक कार्डांच्या अटींनुसार जुनी बाकी फिटेपर्यंतच्या १५ दिवसांचे १०३.५६ रुपये व्याज व त्यावरील कर तिच्यावरही लागतो. अटी कार्डागणिक वेगळ्या असतात. काही कार्डांवर व्याजमुक्त मुदत पूर्ववत होण्यासाठी लागोपाठ दोन विवरणपत्रे पूर्ण भरावी लागतात.

## तत्सम छोटे आकार

विवरणपत्रात दिसणारा प्रत्येक छोटा आकार अवशिष्ट व्याज नसतो. त्याच्याशी गल्लत होणाऱ्या काही नोंदी पुढीलप्रमाणे आहेत :

* भरणा उशिरा जमा होणे : धनादेश किंवा अन्य मार्गाने देय दिनांकाच्या सुमारास केलेला भरणा कार्डखात्यात एक-दोन दिवसांनी जमा होतो. हिशेबात जमा झाल्याचा दिवस धरला जातो.
* परताव्याचा गैरसमज : परत केलेल्या वस्तूची रक्कम येणार आहे असे गृहीत धरून तेवढे पैसे कमी भरले जातात, आणि परतावा देय दिनांकानंतर जमा होतो.
* ‘नो-कॉस्ट’ मासिक हप्ते : या योजनेत व्याजाइतकी सवलत वस्तूच्या किमतीत दिली जाते. बँक हप्त्यात व्याज धरतेच. त्यामुळे त्या व्याजावरील कर दर महिन्याला लागतो. प्रक्रिया शुल्क असल्यास त्यावरही कर लागतो.
* परकीय चलनातील व्यवहार : परदेशी संकेतस्थळावरील खरेदीवर विनिमय अधिभार आणि त्यावरील कर आकारला जातो.
* वार्षिक शुल्क : पहिल्या वर्षी माफ असलेले शुल्क दुसऱ्या वर्षी लागू होते. कार्ड वापरात नसल्यास ते लक्षात न येता थकते.

## दुर्लक्षाचे परिणाम

बारा-तेरा रुपयांसाठी सहसा विलंब शुल्क लागत नाही. अनेक कार्डांच्या शुल्कपत्रकात १०० रुपयांपर्यंतच्या थकबाकीवर ते शून्य असते. ही सूट केवळ विलंब शुल्कापुरती असते. रक्कम न भरल्यास मागील विवरणपत्र ‘पूर्ण भरलेले’ ठरत नाही आणि पुढील महिन्यातील मोठ्या खरेदीची व्याजमुक्त मुदत जाते. वरील उदाहरणात पाचशे रुपयांनी जे घडवले, तेच १२.९० रुपयांनीही घडू शकते.

दुसरा परिणाम पतइतिहासाशी संबंधित आहे. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्यांना बँका ग्राहकांच्या परतफेडीची माहिती पुरवतात. त्यात थकबाकी किती दिवसांची आहे याची नोंद असते. थकलेली रक्कम लहान असली तरी थकीत दिवस मोजले जातातच. विवरणपत्रातील किमान देय रक्कम देय दिनांकापासून ९० दिवसांत पूर्ण न भरल्यास रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ते कार्डखाते अनुत्पादक ठरते. वापरणे सोडून दिलेल्या कार्डावर, तसेच पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे विवरणपत्रे न पोहोचणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत ही शक्यता अधिक असते. गृहकर्जासाठी किंवा शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केल्यावरच अशी विसरलेली बाकी ध्यानात येऊ शकते.

## भारतातील नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी एकत्रित निर्देश प्रसिद्ध केले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले; काही तरतुदींना १ ऑक्टोबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. छोट्या आकारांच्या संदर्भात त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत :

* विवरणपत्र मिळाल्यानंतर व्याज लागण्यापूर्वी रक्कम भरण्यासाठी ग्राहकाला किमान पंधरवडा मिळाला पाहिजे.
* खाते तीन दिवसांहून अधिक काळ थकीत राहिल्यावरच विलंब शुल्क लावता येते आणि पतमाहिती कंपनीस थकबाकी कळवता येते. थकीत दिवस मात्र विवरणपत्रातील देय दिनांकापासूनच मोजले जातात.
* विलंब शुल्क व दंडात्मक आकार देय दिनांकानंतर उरलेल्या बाकीवरच लावायचे असतात, विवरणपत्रातील एकूण रकमेवर नव्हे.
* न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारता येत नाही.
* मागील महिन्याची बाकी राहिल्यास व्याजमुक्त मुदत जाते, ही गोष्ट अटींमध्ये स्पष्टपणे सांगावी लागते. व्याजाचे वार्षिक दर उदाहरणांसह द्यावे लागतात.
* देय दिनांकापूर्वी आलेला परतावा किंवा फसलेल्या व्यवहाराची रक्कम, ग्राहकाने भरणा केलेला नसल्यास, देय रकमेतून लगेच वजा करावी लागते.
* सर्व बाकी फेडलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकास ५०० रुपये द्यावे लागतात.
* थकबाकीदार म्हणून नोंद झालेल्या ग्राहकाने बाकी फेडल्यास पतमाहिती कंपनीकडील नोंद ३० दिवसांत अद्ययावत करावी लागते.

मार्च २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने, भरणा, परतावे व रद्द झालेले व्यवहार वजा करून उरणाऱ्या बाकीवरच व्याज आकारावे, असे स्पष्ट करण्यात आले. या नियमांमुळे दंडात्मक आकारांवर मर्यादा आल्या असल्या तरी अवशिष्ट व्याज स्वतः बेकायदेशीर ठरत नाही. प्रत्यक्ष बाकी उभी असलेल्या दिवसांचे ते व्याज असते.

### व्याजदराविषयीचा वाद

क्रेडिट कार्डावरील व्याजदरास कमाल मर्यादा असावी का, हा प्रश्न भारतात दीर्घकाळ न्यायप्रविष्ट होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय दिला. बँकांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द ठरवला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने म्हटले. परिणामी सर्व कार्डांना लागू होईल अशी व्याजाची ठरावीक कमाल मर्यादा उरलेली नाही.

## अमेरिकेतील तरतुदी

अमेरिकेत १९६८ च्या ‘ट्रुथ इन लेंडिंग’ कायद्याने कर्जाचा खर्च ‘फायनान्स चार्ज’ या एकाच संज्ञेखाली उघड करणे बंधनकारक केले. भारतीय विवरणपत्रांत आढळणारा शब्दप्रयोग हाच आहे. त्यानंतर २२ मे २००९ रोजी क्रेडिट कार्डविषयक सुधारणा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांची स्वाक्षरी झाली आणि फेब्रुवारी २०१० पासून त्यातील मुख्य तरतुदी लागू झाल्या. त्यापूर्वी काही बँका व्याज काढताना लागोपाठच्या दोन देयकचक्रांची बाकी धरत असत. त्यामुळे आधीच फेडलेल्या रकमेवरही व्याज लागे. या कायद्याने ती पद्धत बंद केली. व्याजमुक्त मुदतीत ग्राहकाने रकमेचा जो भाग फेडला असेल, त्या भागावर मुदत गेल्याच्या कारणाने व्याज लावण्यासही मनाई झाली. वरील उदाहरणातील १९,५०० रुपयांवरील व्याज म्हणूनच तेथील नियमांत बसणार नाही; राहिलेल्या ५०० वरील व्याज बसेल. अवशिष्ट व्याज तेथेही कायम आहे. शिवाय अनेक अमेरिकी कार्डांवर ‘किमान व्याज आकार’ असतो : प्रत्यक्ष व्याज काही सेंट इतके भरले तरी ठरलेली किमान रक्कम आकारली जाते.

## निराकरण

अनपेक्षित आकार दिसल्यास प्रथम विवरणपत्रातील नोंदीचे नाव आणि मागील दोन-तीन विवरणपत्रे तपासणे उपयुक्त ठरते. मागील दोन महिन्यांत कधीही पूर्ण रक्कम भरली गेली नसेल, तर आकार अवशिष्ट व्याजाचा असण्याची शक्यता मोठी असते. बाकी, दिवस आणि दर या तीन आकड्यांवरून तो पडताळता येतो. मागील सर्व विवरणपत्रे वेळेवर व पूर्ण भरलेली असूनही व्याज लागले असेल, तर भरणा जमा झाल्याचा दिनांक, रोख उचल आणि मासिक हप्त्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. यांपैकी काहीच नसल्यास आकार चुकीचा असू शकतो.

आकार योग्य असला तरी ग्राहकाच्या विनंतीवरून बँका असे छोटे व्याज सद्भावनेने माफ करतात. चुकीची पहिलीच वेळ असल्यास त्याची शक्यता अधिक असते. हा ग्राहकाचा हक्क मात्र नाही. माफीचा निर्णय होईपर्यंत वादातील रक्कम न भरता ठेवल्यास व्याजमुक्त मुदत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे रक्कम छोटी असल्यास ती भरून नंतर परतफेड मागणे हा मार्ग सहसा कमी खर्चाचा ठरतो.

आकार चुकीचा असल्यास बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घेता येतो. देयकाविषयीच्या तक्रारीवर बँकेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण व आवश्यक कागदपत्रे द्यावयाची असतात. उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. यासाठीची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तक्रार बँकेकडे न करता थेट लोकपालाकडे नेल्यास ती स्वीकारली जात नाही.

पतइतिहासातील नोंद तपासण्यासाठी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास, एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार, पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते.

### कार्ड बंद करताना

अवशिष्ट व्याजाचा सर्वाधिक त्रास कार्ड बंद करताना होतो. विवरणपत्रातील रक्कम भरून ग्राहक खाते संपल्याचे समजतो आणि त्यानंतर आलेल्या विवरणपत्राकडे लक्ष देत नाही. हे टाळण्यासाठी विवरणपत्रातील आकड्याऐवजी भरणा करण्याच्या दिवसापर्यंतच्या व्याजासह अंतिम रक्कम बँकेकडून विचारून घेतली जाते. ती भरल्यानंतर पुढील एक विवरणपत्र शून्य रकमेचे आल्याची खात्री केली जाते आणि खाते बंद झाल्याचे लेखी पत्र जपून ठेवले जाते.

## प्रतिबंध

अवशिष्ट व्याज मुळात पूर्ण रक्कम न भरल्याने निर्माण होत असल्याने, बचत खात्यातून ‘किमान’ ऐवजी ‘एकूण’ देय रक्कम आपोआप वळती करण्याची सूचना देणे हा त्यावरील परिणामकारक उपाय आहे. वेतनाचा दिवस आणि देय दिनांक जुळत नसल्यास देयकचक्र बदलून मागता येते. किमान एकदा तसा पर्याय देणे कार्ड देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक आहे. बाकी राहिलीच असल्यास देय दिनांकाची वाट न पाहता ती लगेच भरणे लाभदायक असते, कारण व्याज दिवसागणिक वाढते. वरील उदाहरणातील कार्डधारकाने १० मेच्या विवरणपत्रातील रक्कम ११ मे रोजीच भरली असती, तर जूनमधील १२.९० रुपयांची नोंद झालीच नसती.

## हेही पहा

* क्रेडिट कार्ड
* चक्रवाढ व्याज
* पतगुणांक
* भारतीय रिझर्व्ह बँक
* वस्तू व सेवा कर